भूल देण्याआधीचं माझं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आत्या आता नाही, घरात मी एकटीच — सांगणार तरी कुणाला? तुम्ही तिला ओळखत नव्हता, म्हणून तुम्हाला सांगायला जीभ वळतेय.

आम्ही तंजावरकडचे मराठी. मद्रासला एग्मोर स्टेशनामागे राहायचो. आईवडील लवकर गेले, मला आत्यानंच वाढवलं. मी नुंगंबाक्कमला एका ऑफिसात टायपिस्ट होते. संध्याकाळी घरी आले, की कॉफीचा टंबलर पुढे करत ती विचारायची, "काय गं, लग्नाचं काय ठरवलंस?" रोज! चपला काढायचीही उसंत नाही. मी आधीच तापट; कधी कॉफी तशीच ठेवून आत निघून जायची. दुसऱ्या दिवशी तिचं पुन्हा तेच.

मग तिच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशनला ती काही केल्या तयार होईना. पूर्वी एकदा क्लोरोफॉर्म दिला होता, तेव्हा वांत्यांनी तिचा जीव नकोसा झाला होता. भूल देणारे डॉक्टर बंगाली होते. म्हणाले, आधी संमोहन करू. मन सैल पडलं की औषध कमी लागतं, मळमळ कमी, दुखणंही कमी. मला कोण कुतूहल! वाटलं, आता डोळ्यांपुढे घड्याळ हलवणार, जत्रेतल्या जादूगारासारखं. पण छे — ते नुसते हळूहळू बोलत होते. त्यांना तमिळही येत नव्हतं, आत्याला इंग्रजी नाही. म्हणून ते सांगतील ते मी घरच्या मराठीत तिच्या कानाशी म्हणायचं.

मी म्हणत गेले — तू तिरुवैयारूला कावेरीत पाय सोडून बसलीयस. पाणी गार आहे. जागी होशील तेव्हा पोट शांत असेल... आणि खरंच, तिच्या मुठी सुटल्या, कपाळावरची आठी गेली. अय्यो, हे माझ्या आवाजानं होतंय? आणखी काय काय होईल? डॉक्टर जरा थांबले, आणि — कसं सांगू — मी त्याच सुरात माझं एक वाक्य घुसवलं. "जागी झालीस, की माझ्या लग्नाचं पुन्हा कधी विचारायचं नाहीस."

चेष्टा होती? थोडी. होतंय का बघू, असंही होतं. पण खरं म्हणजे मला तिचं तोंड बंद करायचं होतं. ऑपरेशनला निघालेल्या, भेदरलेल्या बाईचं!

ऑपरेशन नीट झालं. वांती नाही, दुखणंही सोसवेल इतकंच. घरी आली, पुन्हा कॉफी करायला लागली — आणि विचारेना! मी चकित. मनातून खूषही.

टाके काढायच्या दिवशी मी त्या बंगाली डॉक्टरांना सहज विचारलं, संमोहनात माणसाला काय काय कळतं? ते हसले. म्हणाले, तो काही झोपलेला नसतो, बहुतेक सगळं ऐकत असतो. आणि मनात नसेल ते त्याच्याकडून कुणी करवून घेऊ शकत नाही.

म्हणजे आत्यानं ऐकलं होतं. माझ्यावर भरवसा ठेवून डोळे मिटले होते तिनं, आणि ऐकून गप्प राहायचं तिनंच ठरवलं होतं. त्याच दिवशी "आत्या, चुकलं माझं, विचार गं" एवढं म्हणायला काय जात होतं? पण म्हटलं नाही. आयती शांतता मिळाली होती ना मला!

पुढे ऑफिसातल्या एकानं मला मागणी घातली. तमिळ, परजातीचा. मला तो फार आवडायचा. पण घरी विषय काढायचं धैर्य होईना. आत्यानं नुसतं विचारलं असतं, तर मी सगळं सांगून टाकलं असतं. मी रोज त्याच आशेनं घरी यायची, चपला मुद्दाम सावकाश काढायची. तो उत्तरासाठी थांबला होता. फार दिवस थांबणार नव्हता.

एका संध्याकाळी टंबलर पुढे करता करता आत्या माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. तिला दिसलं असणारच.

"काय गं —" ती म्हणाली. आणि थांबली. मग खाली बघून म्हणाली, "साखर पुरे का?"

मी म्हटलं, "पुरे."