कितीदा साहेब

आमच्या कारखान्यात एक साहेब होते. त्यांना कुठलीही तक्रार सांगितली की ते आधी विचारायचे, "कितीदा?" मशीन बंद पडली, कितीदा? बादली फुटली, कितीदा? एकदा कॅन्टीनवाल्या बाईने साखरेला मुंग्या लागल्याचं सांगितलं, तर तिलाही हाच प्रश्न. त्यामुळे त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकापुरतंच उरलं. वसई-विरारकडे ज्यांनी त्या काळी प्लास्टिकच्या कारखान्यांत पाळ्या केल्या, त्यांना असा एखादा साहेब नक्की भेटला असेल. आमचे हे कितीदा साहेब.

"एकदा झालं तर तो अपघात," ते म्हणायचे. "पुन्हा पुन्हा झालं तर ती खोड. मग खोड कोणाची ते बघू, माणसाची की मशीनची."

पापडीला चर्चजवळ त्यांचं घर. संख्याशास्त्र शिकलेला माणूस मुंबईची चांगली नोकरी सोडून नालासोपाऱ्याला बादल्या करायला का आला, यावर आम्ही बरेच तर्क लढवले. कारण साधं होतं. आई अंथरुणाला खिळलेली, आणि त्यांना घराजवळ राहायचं होतं.

ते आले तेव्हा आमच्या दुसऱ्या पाळीचे दिवस भरत आले होते. तीन वाजता आम्ही मशीनवर उभे राहिलो की काठ वाकलेल्या बादल्या निघायला लागायच्या. शेठने ठरवूनच टाकलं होतं. "कारण नको मला, माणसं बदला." माझं लग्न नुकतंच झालं होतं. माझा दादा त्याच कारखान्यात रातपाळीला होता आणि जवळच्या गास गावातलं आमचं घर आम्हा दोघांच्या पगारावर चालत होतं.

साहेबांनी पहिल्यांदा आमच्या हातांवरच बोट ठेवलं. आमच्यात एक रीतच होती. पाळीवर येणाऱ्याने आधी मशीनची बटणं फिरवायची. आदल्या माणसाने लावलेल्या आकड्यांवर मशीन चालवायची म्हणजे त्याच्या उष्ट्या ताटात जेवायचं. शिवाय एक बादली वाकडी आली की बटण इकडे, पुढची वाकडी आली की तिकडे. साहेब म्हणाले, "आठवडाभर हात मागे बांधून उभे राहा." आम्ही शाळेतल्या पोरांसारखे हात मागे घेऊन उभे राहिलो. फोरमनला तर तो स्वतःचा अपमानच वाटला. समोर बादली वाकडी होताना दिसते आणि हात लावायचा नाही, याच्यासारखी शिक्षा नाही. पण आठवड्याच्या शेवटी वाकड्या बादल्या कमी झाल्या होत्या. गेल्या नव्हत्या, कमी झाल्या होत्या.

दर शनिवारी साहेब मुंबईला जायचे. तिथल्या एका संस्थेत मोठा संगणक होता आणि ओळखीच्या माणसामुळे त्यांना तो थोडा वेळ मिळायचा. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा ते तान्ह्या मुलासारखा सांभाळून न्यायचे. "त्यात आपला कारखाना चालवून बघतो," ते सांगायचे. "बटण फिरवणारा कारखाना एक, न फिरवणारा एक. पाणी गरम, पाणी थंड. तिथे कितीही बादल्या बिघडवल्या तरी प्लास्टिकचा दाणा फुकट जात नाही." आमच्यातला एक जण म्हणाला, "साहेब, त्या कारखान्यात बोनस किती देतात?" साहेब हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "तिथे माणसं नसतात रे."

मग त्यांनी पाळ्यांची अदलाबदल केली. आम्हाला सकाळी घातलं आणि सकाळच्यांना दुपारी. वाकड्या बादल्या आमच्यामागे सकाळी आल्या नाहीत, दुपारीच राहिल्या. त्या दिवशी मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. दुपारी काय बदलतं ते साहेबांनी संगणकात चालवून पाहिलं, तेव्हा खोड पाण्याची निघाली. साचा थंड करायला गच्चीवरच्या टाकीचं पाणी यायचं आणि दुपारी तीनपर्यंत ते चांगलंच तापायचं. साहेबांनी विहिरीचं पाणी थेट साच्याला द्यायला लावलं. काठ सरळ झाले. माणसं बदलण्याची गोष्ट शेठने पुन्हा काढली नाही. माझ्या बायकोने साहेबांसाठी घरच्या केळ्यांची फणी पाठवली.

पण संगणकाने आणखी एक गोष्ट सांगितली होती. साचा लवकर थंड झाला की बादलीही लवकर निघते. शेठला हिशेब शिकवावा लागत नसे. एक दिवस माझ्या मशीनपाशीच त्याने विचारलं, "साहेब, एवढा माल दोन पाळ्यांत निघतो, तर रातपाळी पाहिजे कशाला?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. माल वाढवा, नवी गिऱ्हाइकं बघा, असं सांगून पाहिलं. शेठ म्हणाला, "ते मी बघीन. तुम्ही पाहिजे की नको ते बोला." साहेब चष्मा परत लावून म्हणाले, "एवढाच माल हवा असेल, तर नको."

त्या रविवारी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना आटोपून साहेब सायकलवर आमच्या घरी आले. रातपाळीच्या प्रत्येकाच्या घरी ते असेच जाऊन आले, हे मागाहून कळलं. ओट्यावर बसून त्यांनी दादाला सगळं सांगितलं, शेठने काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, ते. दादा जमिनीकडे बघत राहिला. आईला मात्र राहवलं नाही.

"साहेब, पायजे म्हटलं असतं तर कोन बगायला येनार होतं?"

"कोणी नाही, मावशी," साहेब म्हणाले. "पण याच आकड्यांवर तुमचा धाकटा वाचला. आज मी एक आकडा खोटा सांगितला, तर त्याला वाचवणारा आकडा खरा कसा राहील?"

आईने चुलीवर आधण ठेवलं. चहा दिला. साहेबांनी तो मान खाली घालून प्यायला. ते गेल्यावर ती म्हणाली, "मानूस चांगला हाय. पन परत आपल्या घरी नको यायला."

मला त्यांचा राग आला आणि त्या रागाची लाजही वाटली. माझी भाकर त्यांनी राखली होती आणि दादाची काढून घेतली होती. दोन्ही वेळा तोच माणूस, तेच काम आणि तोच खरेपणा होता. यातलं काय घ्यावं आणि काय टाकावं, हे मला आजही उमगलेलं नाही.

रातपाळी बंद झाली. दादाने वाडीत भाजी लावली. पहिली काही वर्षं फार ओढाताणीची गेली. साहेबही पुढे कारखाना सोडून एका कॉलेजात शिकवायला लागले. आमच्या घरात त्यांचं नाव कोणी काढत नसे, दादासमोर तर नाहीच.

ते गेल्याची बातमी दादानेच बाजारातून आणली. भाजीची टोपली उतरवून तो म्हणाला, "शर्ट बदल. माती द्यायला जायचंय." मी त्याच्याकडे बघत राहिलो. पापडीच्या दफनभूमीत गर्दी बेताची होती. दादा पुढे झाला, मूठभर माती टाकली आणि हात न झटकता तसाच बाजूला उभा राहिला.

परतताना अर्ध्या वाटेवर त्याने हाताची माती झटकली. मग म्हणाला, "सांगायला घरी तर आलता. दुसरा कोन आला?"