वाद मिटेपर्यंत

बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यांच्या भागात, एका मोठ्या गोदामाच्या फाटकासमोर, लिंबाखाली भागाबाईचं चहाचं दुकान आहे. चार पत्रे, दोन बाकं, गॅसची शेगडी आणि वर फळीवर टीव्ही. चहाच्या दुकानात एवढा मोठा टीव्ही कशाला, असं नवा माणूस विचारतो. जुना विचारत नाही.

भागाबाईचं माहेर आळंदकडचं. तुरीच्या रानात वाढलेली बाई, लग्न होऊन मन्नाएखेळ्ळीला आली. एकुलता एक पोरगा संघपाल गोदामात कामाला लागला, तेव्हा त्याच्या मागोमाग कोळारला आली. नवरा रामराव गावाकडं शेत बघत राहिला, ही इथं चहा उकळत राहिली. टीव्ही संघपालनं आणला. म्हणाला, "आई, आता बघ तुझं दुकान कसं चालतंय."

फुटबॉल तिला त्यानंच शिकवला. शिकवला म्हणजे काय, तो मित्रांशी भांडायचा आणि ही ऐकायची. कधी मनात आलं तर ग्लास मांडून दाखवायचा, हा गडी इथं उभा राहिला तर चालतं, इथं उभा राहिला तर पंच शिट्टी वाजवतो. त्याचा जीव पिवळ्या कपड्यांच्या संघावर. त्या देशाचं नाव भागाबाईच्या जिभेवर बसेना, म्हणून ती त्यांना नुसतं पिवळे म्हणायची. हळूहळू सगळं दुकानच पिवळे म्हणायला लागलं.

संघपालची एक खोड होती. सगळे जिकडं, हा त्याच्या उलट. पंचानं पिवळ्यांच्या विरुद्ध शिट्टी फुंकली आणि सगळं बाक पंचाच्या नावानं पेटलं, की हा शांतपणे म्हणायचा, "पंचाचं बरोबर हाय." मनातून स्वतः जळत असला तरी. आणि वाद अर्धा टाकून कुणाला उठू द्यायचा नाही. मन्नाएखेळ्ळीत त्यांच्या गल्लीची ती जुनी रीत होती. बैठकीत भांडण निघालं, तर ते घेऊन कुणी घरी जायचं नाही. कुणीतरी तोंडानं 'तुझं खरं' म्हटलं पाहिजे. तोवर तिथंच बसायचं, तिथंच भाकरी खायची. संघपालनं ती रीत दुकानात आणली. 'तुझं खरं' आलं की ग्लास खाली ठेवायचा आणि उठायचं. त्याच्या आधी नाही.

मागच्या थंडीत त्याला कावीळ झाली. बिदरला नेलं, तिथून सोलापूरला. पोरगा जिवंत परत आला नाही.

मरणानंतर माणसं आठ-पंधरा दिवस येतात. मग त्यांना आईला तोंड दाखवणं जड जातं. संघपालचे तिघे मित्र, तानाजी, माउली आणि गुरुशांतप्पा, गोदामाच्या आतच चहा प्यायला लागले. भागाबाई गावाकडं जाई, तर रामराव पोराचं नावसुद्धा काढत नसे. भाकरी मोडून तसाच बसे. 'संघपाल' हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकून तिला किती महिने झाले होते. ती स्वतः पातेलं घासताना एखादे वेळी हळूच म्हणून बघायची. पण आपलंच तोंड आणि आपलेच कान, त्यात काय येतंय?

मग फुटबॉलचा विश्वचषक आला. सामने पार तिकडं अमेरिकेत, म्हणजे आपल्याकडं उजाडताना. रात्रपाळी सुटलेले तिघेजण एका सकाळी लिंबाखाली येऊन उभे राहिले. आत येईनात, निघूनही जाईनात. शेवटी तानाजी म्हणाला, "मावशी, टीव्ही चालतोय का?"

भागाबाईनं पदरानं टीव्ही पुसला.

त्या दिवशी पंचानं पिवळ्यांचा एक गोल रद्द केला. बाक उसळलं. बोलण्याच्या भरात माउली बोलून गेला, "आज संघ्या असता तर म्हनला असता, पंचाचं बरोबर हाय!"

माउलीनं जीभ चावली. भागाबाई गाळणी हातात धरून उभी होती. ती म्हणाली, "मंग? फुडं काय म्हनला असता?"

तेव्हापासून पोराचं नाव दुकानात परत आलं. पिवळ्यांचा सामना असला की येई. संघ्या असता तर असं म्हणला असता, संघ्यानं आता टेबलावर मूठ आपटली असती. ती पाठमोरी राहून ऐकायची. एक गोष्ट तिला उमगली होती. पिवळे जिंकले तर पोरं पुन्हा येणार. पिवळे हरले तर येणार नाहीत. बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं तिनं आजवर कधी काही मागितलं नव्हतं, बुद्धाच्या घरात मागणं नसतं हे तिला ठाऊक होतं. पण त्या दिवसांत मेणबत्ती लावून ती जरा जास्तच वेळ उभी राहायची.

बाद फेरीचा सामना होता. शेवटची काही मिनिटं उरलेली, दोन्ही बाजू बरोबरीत. पिवळ्यांचा एक गडी आपल्याच गोलाजवळ घसरून पडला, आणि पडता पडता चेंडू त्याच्या हाताला लागला. खेळ थांबला. पंच मैदानाच्या कडेला जाऊन छोट्या पडद्यावर बघून आला. त्यानं पेनल्टी दिली.

"अरं हा आंधळा हाय का!" तानाजी उठून उभा राहिला. "पडायलाय त्यो! हात टेकायलाय भुईला!"

"टीव्हीत बघूनबी देतो म्हंजे?" माउली म्हणाला. "ह्याच्या मायला... मावशी, चुकलं."

गुरुशांतप्पा कमी बोलणारा, घरात कन्नड असलेला गडी. त्यानं मान हलवली. "मोस. नुसती फसवणूक हाय ही."

गोल झाला. थोड्या वेळानं शेवटची शिट्टी झाली. पिवळे बाहेर.

तिघेही एका मताचे होते. आणि एका मताच्या माणसांना बोलायला असतं किती? चार शिव्या झाल्या, एक सुस्कारा झाला. तानाजीनं पिशवी उचलली. "चला. बरं मावशी, आता चार वर्सांनी."

चार वर्षांनी.

भागाबाईनंही तो सामना बघितला होता. तो पडणारा पोरगा सावरत होता, हे तिच्या डोळ्यांना स्वच्छ दिसलं होतं. तरी शेगडीकडं तोंड करून ती म्हणाली, "पंचाचं बरोबर हाय."

तानाजी वळला. "काय म्हनलीस?"

"पेनल्टीच हुती ती."

"मावशी, तू सामना बघायलतीस का चहा गाळायलतीस?"

"दोन्ही. तुझ्यावानी तोंड उघडं टाकून बघत न्हाई मी. पडनारा मानूस हात खाली टेकतो. ह्यानं बाजूला पसरला. पंखावानी."

"पंखावानी?" माउलीनं पिशवी बाकावर आदळली. "आता दावतोच!" आणि तो खरंच लिंबाखालच्या मातीत पडून दाखवायला लागला. तानाजीनं बरणीतला बनपाव काढून चेंडू म्हणून त्याच्या हातावर फेकला. दिवसपाळीला निघालेले लोक थांबून हसायला लागले.

"अव्वा, आता तूच सांग," गुरुशांतप्पा म्हणाला, "ह्याचा हात कुठं हाय?"

"त्या गड्याचा ह्याच्याहून लांब हुता."

"घ्या! आनी कामून लांब हुता?"

"कामून म्हंजे? बेइमानी. दुसरं काय?"

तिनं शेगडीवर नवीन आधण ठेवलं. आलं ठेचलं. पोरं पुन्हा बाकावर बसली होती, आवाज चढले होते. तिच्या पाठीला ते आवाज उन्हासारखे लागत होते. माउली अंगावरची माती झटकत म्हणाला, "आगं मावशी, तू तर हुबेहूब संघ्यावानी भांडायलीस! एकदा आसंच केलं की त्यानं. वाद सोडंना, आमची शेवटची बस गेली. बिदरपत्तोर चालत गेलाव, त्योबी संगं आला. आनी पार नाक्यावर गेल्यावर म्हनतो कसा, 'खरं तर तुमचंच खरं हुतं रे.' चपला काढून मागं लागलो त्याच्या!"

भागाबाईचा आल्यावरचा हात थांबला. ही गोष्ट तिनं कधी ऐकली नव्हती. पोराची एक नवी गोष्ट, आज, इतक्या महिन्यांनी. तो उशिरा का आला म्हणून त्या रात्री ती त्याला बोललीही असेल. आणि अजून अशा किती असतील या तिघांच्या पोटात?

"आनी मंग?" ती म्हणाली. "पन पेनल्टी हुतीच हं."

तानाजी उत्तर द्यायला गेला आणि थांबला. त्यानं तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे भरलेले होते. तानाजी मनाचा भला पोरगा. त्याला वाटलं, म्हातारी हट्टाला पेटलीय, तिला दुखवून कुठं जायचं? आज एवढं तरी तिच्या मनासारखं होऊ दे.

"बरं मावशी," तो हळू आवाजात म्हणाला. "तुझं खरं."

"आँ?" माउली म्हणाला. तानाजीनं त्याला गुडघ्यानं ढोसलं. माउलीनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. "व्हय... तुझं खरं, मावशी."

"सरि, अव्वा," गुरुशांतप्पानं हात जोडले. "तूच जिंकलीस."

"आसं कसं?" भागाबाई गडबडून म्हणाली. "आत्ता तर म्हनायलताव की पडला, हात टेकला... बसा की. चहा ठेवलाय."

"न्हाई मावशी. रीत ती रीत." तानाजीनं रिकामा ग्लास उपडा करून खाली ठेवला. दोघांनीही ठेवले. ते तिच्याकडं बघून हसले, आपण काहीतरी चांगलं केलं अशा समाधानानं, आणि रस्त्याकडं निघाले.

ती मागोमाग रस्त्याच्या कडेपर्यंत आली. हाक मारायला तिनं तोंड उघडलं. आरं, मी खोटं बोलले, तो पोरगा सावरत होता, तुमचंच खरं. पण तेही 'तुमचंच खरं' म्हणणंच होतं. आता कुठल्याही बाजूनं बोललं तरी वाद मिटलेलाच होता. कंपनीची बस आली, तिघे चढले, माउलीनं खिडकीतून हात हलवला, आणि बस गेली.

मागं दुकानात आधण उतू जात होतं. तिनं गॅस बंद केला. टीव्हीवर कोटातली दोन माणसं समोरासमोर बसून इंग्रजीत हात झाडत बोलत होती. मध्येच तो पडणारा पोरगा दाखवत होते, पुन्हा पुन्हा, हळू हळू. त्यांचं भांडण अजून चालू होतं.

भागाबाईनं आवाज वाढवला. आणि बाकावर बसून, एक शब्द कळत नसताना, ती ऐकत राहिली.