भिंतीवरचे सोळा आकडे

पेणजवळच्या जोह्यात माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबट शेड; पण दारावर ‘कला केंद्र’ असा फलक. ती भावोजींची हौस. अक्का त्या फलकाखालून जाताना डोक्यावर पदर घ्यायची आणि कामाच्या बायकांना म्हणायची, “देवळात शिरल्यावानी वाटतं गो!”

तिथं कागदाला मान नव्हता. हात कायम शाडूत नाहीतर रंगात. कागदाचा तासाभरात लगदा व्हायचा. त्यामुळे सगळं भिंतीवर, ब्रशानं लिहिलेलं: कुणाची मूर्ती किती फुटी, रामवाडीच्या मंडळाला पीतांबर कुठल्या रंगाचं, वायरमनचा नंबर. आणि मधोमध, अक्काच्या वळणदार तांबड्या अक्षरात, माझ्या क्रेडिट कार्डाला जोडून तिच्या नावानं काढलेल्या कार्डाचे सोळा आकडे, मुदत आणि मागचे तीन आकडे.

मी तेव्हा रोह्याच्या एका कंपनीत होतो. ‘पासवर्ड कुणालाही सांगू नका’ ही पाटी तिथं माझ्याच सहीनं लागलेली.

“अक्का, हे गुपित असतं.”

“गुपित ठेवायला हात कोरडे लागतात. ज्याचे कोरडे, त्यानं माझे ब्रश मागवायचे.”

मूर्तीच्या डोळ्यांची आखणी ती एकटीच करायची. त्यासाठीचे बारीक ब्रश एका परदेशी साइटवर मिळायचे आणि तिथं ओटीपी लागत नसे. कार्डावर परदेशी खरेदी मीच सुरू करून दिली होती.

दीड वर्षापूर्वी अक्का गेली. कार्ड बंद करायचं माझ्याच्यानं झालं नाही. दर महिन्याच्या स्टेटमेंटवर माझ्या खर्चाखाली तिचं नाव आणि त्यापुढे शून्य छापून येई. मी ते शून्य दर महिन्याला वाचायचो.

गेल्या श्रावणात एक मुलगी कारखान्याचा व्हिडिओ काढायला आली. भावोजी जाकीट घालून ‘कलेचा वारसा’ या विषयावर बोलले. त्यांच्यामागे भिंत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी, मी रोह्यात घरी चहा घेत असताना, अक्काच्या कार्डावर परदेशात कुणीतरी दोनदा बूट घेतल्याचे मेसेज आले. कशामुळे झालं ते कळायला वेळ लागला नाही. तो व्हिडिओ आदल्याच दिवशी मी कौतुकानं बघितला होता.

मी पहिला फोन भावोजींना केला.

“भिंत पुसा. आत्ताच्या आत्ता.”

“सगळी का नुसते आकडे?”

“सगळी!”

“अरे, तुझ्या अक्काचं अक्षर हाय ते.”

“भावोजी, वाद नको.”

दुसरं काम म्हणून व्हिडिओखाली पोलिसांचं नाव घेऊन खणखणीत दम दिला. तासाभरात व्हिडिओ गायब. मग बँकेला फोन. पलीकडच्या मुलीनं दोन मिनिटांत कार्ड बंद केलं, तक्रार नोंदवून घेतली. मी शहाण्यासारखा आपला पराक्रम सांगितला. ती म्हणाली, “काका, आधी आम्हाला फोन करायचा. कार्ड बंद झालं की ते आकडे कुणाच्याच कामाचे नसतात. भिंत तशीच राहिली असती तरी चाललं असतं.”

रोह्याहून गाडीनं पेण, तिथून एसटीनं जोहे. पोचलो तेव्हा भिंतीवर पांढरा चौकोन वाळत होता.

“तांबडं वर येत व्हतं,” भावोजी माझ्याकडे न बघता म्हणाले. “म्हणून दुसरा हात मारला.”

पैसे महिन्याभरात परत आले. स्टेटमेंटवर आता एकच नाव असतं.

अक्काच्या अक्षरातलं दुसरं काही सापडतं का, ते आम्ही दोघांनी शोधलं. जिनं आयुष्यभर भिंतीवर लिहिलं, तिची वही कुठून असणार? मग त्या व्हिडिओवाल्या मुलीला मी लांबलचक मेसेज लिहिला. मीच तो रागावलेला गृहस्थ, चूक झाली, तुमच्याकडे मूळ व्हिडिओ असेल तर त्यातली भिंतीची चार-पाच सेकंदं पाठवाल का? “कशासाठी?” असं तिनं विचारलं. बहीण वारली, अक्षर तिचं होतं, आकडे आता निकामी आहेत, असं मी सविस्तर कळवलं. त्यानंतर तिचं उत्तर नाही. मी पाठवलेलं आता तिच्यापर्यंत पोचतच नाही.

तिचं बरोबर आहे. कार्डाचे आकडे दिसणारा तुकडा मागायचा आणि वर मेलेल्या बहिणीची गोष्ट सांगायची, अशा अनोळखी माणसाला मीही काही पाठवलं नसतं. तिला कुणीतरी नीट शिकवलेलं आहे. तरी फोन वाजला की मी आधी तिचं उत्तर आलं का, ते बघतो.