धांदरटमामांचं ऑम्लेट

टीव्हीवर ज्यांना सगळे धांदरटमामा म्हणत, ते मुळात अजिबात धांदरट नव्हते, हे कुणाला सांगून पटायचं नाही. एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. पण टीव्हीवरच्या त्यांच्या पाककृतींच्या कार्यक्रमाच्या पहिल्याच भागात मिक्सरचं झाकण लावायचं राहिलं आणि टोमॅटोचं सूप थेट त्यांच्या चष्म्यावर. दुसऱ्या कुणाला दरदरून घाम फुटला असता. मामांनी चष्मा काढला, चाटला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." स्टुडिओ गडाबडा लोळायचाच काय तो बाकी राहिला.

झालं! निर्मात्याने तेच धरून ठेवलं. दर भागात काहीतरी सांडायचं, करपवायचं, उडवायचं. मामांनी ते इमानेइतबारे केलं. नीट जमलेला पदार्थ ओट्याखाली आधीच करून ठेवलेला असायचा, तोही त्यांच्याच हातचा. पण तो दाखवायची वेळ आली की जाहिराती लागायच्या. कॅमेरावाले तेवढे बोटं चाटून खायचे.

अशी वर्षं गेली आणि एक दिवस कार्यक्रम बंद पडला. त्याच सुमारास मुलीने एक गाळा घेऊन छोटी खाणावळ काढायचं ठरवलं. मामांना वाटलं, चला, आता आपलं खरं काम सुरू. "स्वयंपाकघर मी बघतो," ते म्हणाले.

मुलगी भिंतीला रंग देत होती. हातातला ब्रश काही तिने खाली ठेवला नाही. "बाबा, लोक तुम्हाला बघायला येतील, हसतील आणि जातील. मला जेवायला येणारी माणसं हवीत."

मामांना ते फार लागलं. पण पोरगी चुकीचं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत. "मग दुसऱ्या आचाऱ्याची घेशील तशी माझी परीक्षा घे," ते म्हणाले.

"साधं ऑम्लेट करा," ती म्हणाली, आणि ब्रश हातात घेऊनच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

मामांनी अंडी फोडली, कांदा बारीक चिरला, लोणी तापवलं. सगळं कसं बेतशीर चाललं होतं. उलटायची वेळ आली मात्र, मामांनी पॅन जोरात झटकला, मान वळवली, समोर कॅमेरा असावा तसे डोळे मोठे केले, आणि ऑम्लेट फरशीवर. मुद्दाम नव्हतं केलं त्यांनी. हातच तसा वळला होता.

मुलगी हसली नाही. कुणी हसलं की मामांना पुढचं वाक्य आपसूक सुचायचं. पडलेल्या अन्नाची त्यांना पहिल्यांदाच लाज वाटली. वाकून त्यांनी ते उचललं, फरशी पुसली, हात धुतले.

"जमत नाहीये गं," ते हळूच म्हणाले.

मुलीने अंड्यांचा ट्रे त्यांच्यापुढे सरकवला आणि बाहेर जाऊन, त्यांच्याकडे पाठ करून, पुन्हा भिंत रंगवायला घेतली.

"करा परत," ती तिकडूनच म्हणाली. "कुणी बघत नाहीये, बाबा."