सरकार पडलं तो दिवस

उंच इमारतींना बाहेरून रंग देणारा तो रंगारी घरात फार हुकूम सोडायचा. पाणी आण, पंखा लाव, तो आवाज कमी कर. हुकूम कुणी मनावर घ्यायचं नाही, ही गोष्ट वेगळी. म्हणून बायकोनं त्याचं नाव ठेवलं 'सरकार', आणि ते असं चिकटलं की परांचीवरचे सोबती, कोपऱ्यावरचा दुकानदार, सगळी गल्ली त्याला सरकारच म्हणू लागली. सहा वर्षांच्या लेकीला तर जगात दुसरंही एखादं सरकार असतं याचा पत्ताच नव्हता.

एका संध्याकाळी ती टीव्हीसमोर पाय पसरून बसली होती. कार्टून संपून बातम्या लागल्या. एक भलीमोठी इमारत, खाली धावणारी माणसं, आणि निवेदिका चेहऱ्यावरची रेषही हलू न देता म्हणाली, "अखेर आज दुपारी सरकार कोसळलं."

पोरगी धावत आतल्या खोलीत गेली. आई मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती.

"आई, आई, सरकार पडलं!"

"पडणारच होतं," आई सुईवरची नजर न काढता म्हणाली. "एवढे दिवस टिकलं हेच खूप."

"मग आता?"

"आता काय, दुसरं येईल. तू हातपाय धुऊन घे."

दुसरं? आणि हिला काहीच कसं वाटत नाही? पोरगी तशीच अनवाणी बाहेर पळाली आणि जिन्यात कठडा धरून बसली. रडलं की ते खरंच होईल असं वाटून तिनं ओठ घट्ट आवळले.

बऱ्याच वेळानं खाली चपला वाजल्या. आधी रंगाचे शिंतोडे उडालेले केस दिसले, मग खांदे, मग अख्खा बाप. हातपाय सगळे जागच्या जागी. तिनं त्याच्यावर झेप घेतली, कोपरं चाचपली, गुडघे चाचपले, आणि मग कुठं भोकाड पसरलं. ते सुटकेचं रडं होतं. इतकं हलकं तिला त्याआधी कधीच वाटलं नव्हतं.

खरा प्रकार कळल्यावर सरकार पोट धरधरून हसलं. "अगं वेडे, घरात बहुमत तुम्हा दोघींचं असलं, तरी मी असा नाही हो पडायचा!"

आईही हसली. हसता हसता तिनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले.

"हसताय काय? हिला आज एकदाच भीती वाटली. मला रोज वाटते. जिन्यात तुमचा पाय वाजेपर्यंत मी चहासुद्धा टाकत नाही. का, ते कधी विचारलंत?"

इतकी वर्षं सरकार चहाला उशीर होतो म्हणून कुरकुरत आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून, परांचीवर चढणं सुटेपर्यंत, तो रोज खालच्या पायरीवरूनच अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असा ओरडायचा, "सरकार स्थिर आहे!" शेजारीपाजारी हसायचे. वर आई आधण ठेवायची.