जावयाचा माल परत कसा पाठवायचा

अधिक महिन्यातला दुसरा रविवार. रक्कम चौदा लाख वीस हजार रुपये. हजर तिघे: आमचे मालक माधवराव, त्यांच्या पत्नी सुमनकाकू आणि मी. ठिकाण मालकांचं लातूरचं घर, कारखान्याला लागूनच. आत जावयासाठी धोंडे तळणं चाललं होतं. लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना, त्यामुळे थाट मोठा. जावई संतोषराव नांदेडहून निघाले होते; लोह्याजवळ गाडी पंक्चर झाली म्हणून फोन आला होता. ते पोचायच्या आत निर्णय घ्यायचा होता, कारण तो त्यांच्याच धंद्याबद्दल होता.

मी कॉस्ट अकाउंटंट. एखादी वस्तू बनवायला खरोखर किती खर्च येतो, ते काढणं हे माझं काम. आमची कंपनी शेतातल्या मोटरीसाठी मोबाइल स्टार्टर बनवते. घरून फोन लावला की विहिरीवरची मोटर चालू होते. या स्टार्टरमध्ये काडेपेटीपेक्षा थोडा मोठा ट्रान्सफॉर्मर असतो. लाइनचा जास्तीचा व्होल्टेज तो आतल्या सर्किटला सोसेल इतका कमी करतो. महिन्याला असे हजार नग लागतात. आठ महिन्यांपासून ते संतोषरावांच्या नांदेडच्या वर्कशॉपमधून येत होते. त्यांच्याकडे आठ माणसं. निम्म्याहून जास्त काम आमचंच.

आता मालकांना ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळायचं मशीन घ्यायचं होतं. त्याची किंमत वर दिलीच आहे.

"हिशेब सरळ हाय, बिराजदार," मालक म्हणाले. "बाहेरून एकशेदहाला घेतो. मशीनवाला म्हणतो, घरी अठ्ठ्याण्णवला पडंल."

"त्याने बँकेचं व्याज धरलेलं नाही. ऑपरेटरचा पगार अर्धाच धरलाय. वीजबिल तर विसरलाच. माझ्या हिशेबाने एकशेसोळा."

"म्हणजे बाहेरूनच स्वस्त?"

"कागदावर. पण हजारातले नव्वदेक नग आपल्या टेस्टिंगला नापास होतात. त्यांचेही पैसे आपण देतो. चांगल्या नगाला एकशेएकवीस पडतात."

मालकांचा चेहरा खुलला. "मंग मशीनच घेऊ की!"

इथे माझं काम संपलं होतं. आकडे मशीनच्या बाजूचे होते. पण एक गोष्ट मला सुटत नव्हती. दुसऱ्या कोणाचाही माल नापास झाला की आम्ही डेबिट नोट काढतो, म्हणजे माल परत आणि तेवढी रक्कम बिलातून वजा. संतोषरावांच्या नावाने एकही नोट निघालेली नव्हती. त्यांचे नापास नग कारखान्यात जिन्याखाली एका ड्रममध्ये पडत होते.

"हे नग परत का पाठवत नाही आपण?" मी विचारलं.

"खुळे झालात का? जावयाचा माल परत? लेकीला काय तोंड दाखवू?"

"आणि मशीन आल्यावर त्यांचं काम बंद होईल, ते?"

"ते सांगता येतं की. आता आमचं आम्ही बनवायलोत, म्हणायचं. त्यात अपमान न्हाई."

काकू झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. "म्हणजे एक वाक्य बोलायची लाज, म्हणून चौदा लाखाचं मशीन? आन् जावयाच्या पोटावर पाय, तो येगळाच!"

"तू धोंडे बघ."

"तेच बघायले. तुमच्यापेक्षा लवकर शिजतात."

तेवढ्यात दारात गाडी थांबली.

जेवताना संतोषराव खुशीत होते. डिप्लोमा झालेला, तिशीचा, मोकळा माणूस. तिसरा धोंडा उचलत म्हणाले, "मामा, आठ महिन्यांत माझा एक पीस परत आला न्हाई बघा. नांदेडात लोकांना हेच सांगून राहिलो. त्याच जोरावर अजून एक पार्टी मिळतीय मला."

मालक तुपाच्या वाटीकडे बघत राहिले. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी पाहुणा होतो, शिवाय नोकर. तरी म्हणालो, "संतोषराव, जेवण झालं की जरा कारखान्यात जाऊ. जिन्याखाली एक ड्रम आहे."

ड्रमचं झाकण काढल्यावर त्यांनी वरचा एक नग उचलून आपलाच आहे का ते बघितलं. मग नवीन कपड्यांतच खाली बसले आणि एकेक नग काढून ओळीने लावू लागले. मालक मागे उभे राहून म्हणत होते, "ऱ्हाऊ द्या हो, कपडे खराब व्हतील."

"मामा, मी परका असतो तर पहिल्याच महिन्यात बोलला असता तुम्ही."

"तसं न्हाई ओ..."

"तसंच हाय. नवीन पार्टीला हाच माल गेला असता. त्यांनी तर मला दारातसुद्धा उभं केलं नसतं."

थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. "काका, हे बघा." प्रत्येक नगावर मार्करने ट्रेचा नंबर होता. गुंडाळलेली तार व्हार्निशमध्ये बुडवून, ट्रेमध्ये ठेवून भट्टीत वाळवतात. ओली राहिली तर ट्रान्सफॉर्मर तापतो. ओळीतले बहुतेक नग चार नंबरच्या ट्रेमधले होते. "हा ट्रे सगळ्यात खाली असतो. खालचा हीटर गेला असणार. एवढ्यासाठी, मामा!" असं म्हणून ते हसले. मालकही हसले, पण जरा उशिरा.

नग दोन गोण्यांत भरून त्यांनी गाडीत टाकले. जावयाला दिलेलं चांदीचं निरांजन काकूंनी गोण्यांवर ठेवलं.

मशीनची ऑर्डर गेली नाही. नापास माल परत जायला लागला की चांगला नग एकशेदहालाच पडतो आणि घरचा एकशेसोळाला. वस्तू घरी बनवावी की बाहेरून घ्यावी, या प्रश्नावर मी पुष्कळ तक्ते केले आहेत. आता त्याआधी एक चौकशी करतो: बाहेरच्या माणसाला माल वाईट आहे असं सांगायची सोय आहे ना? नसेल, तर तो भाव खरा नाही.

त्या महिन्याचे नापास नग सत्त्याऐंशी. डेबिट नोट नऊ हजार पाचशे सत्तरची. मालकांनी सही करायला दोन दिवस लावले. सही झाल्यावर विचारलं, "बिराजदार, एवढीच रक्कम शुभांगीला पाठवली तर? लेकीला अधिकाचं वाण म्हणून. कशात दाखवाल?"

"कशातच नाही. तुमच्या खिशातून द्या."

शेवटी एक लाख दहा हजारांच्या बिलापोटी संतोषरावांना कंपनीकडून एक लाख चारशे तीस रुपये गेले. त्यांच्या बायकोला तिच्या वडिलांकडून नऊ हजार पाचशे सत्तर.