दोन कारखान्यांच्या मधलं घर

लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं की मला अजून झोप येते. नवऱ्याचा कारखाना चेन्नईच्या उत्तरेला गुम्मिडिपूंडीत, माझा मात्र शहर ओलांडून पार पश्चिमेला इरुंगाट्टुकोट्टैला. तो लग्नाआधीपासून पोन्नेरीत राहत होता, त्याच्या कारखान्याजवळ, म्हणून संसारही तिथेच मांडला. तेव्हा त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

अंधारातच डबे भरायचे, लोकलने चेन्नई सेंट्रल स्टेशन गाठायचं, तिथून कंपनीची बस. संध्याकाळी तेच उलट. घरी पोचायचे तेव्हा हा आंघोळ करून, पंख्याखाली पेपर घेऊन बसलेला. खालच्या घरमालकीण मामी जिन्यातच विचारायच्या, "साप्टाचा?" जेवलीस का, एवढंच, पण तेवढ्याचंही उत्तर द्यायचं त्राण नसायचं. मी नुसती मान हलवून वर जायचे.

एकदा जेवता जेवता ताटावरच माझा डोळा लागला. नवरा घाबरला.

"अगं, तू सोड ना नोकरी काही दिवस. किती हाल करून घेशील?"

प्रेमानेच म्हणाला, म्हणून जास्त राग आला. घरच्यांशी भांडून इतक्या लांब येऊन मिळवलेली नोकरी होती ती. मला ती सोडायची नव्हती.

"नोकरी नाही, घर सोडू," मी म्हटलं.

"मग लाव की तुझं ऑपरेशन्स रिसर्च!" तो हसला.

हा विषय, म्हणजे कमीत कमी खटाटोपात काम कसं बसवायचं याचं गणित, मी कॉलेजात घोकून पास झाले होते. पुढे कारखान्यात कच्च्या मालाचे रॅक कुठे ठेवले म्हणजे ट्रॉल्यांची वणवण कमी होईल हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा कळलं, अरे, हे तर तेच! मग घराला का नाही? रविवारी पेपरच्या कोऱ्या कडेवर दोन ठिपके काढले, त्याचा कारखाना आणि माझा. मधे सेंट्रलवरून जाणारा रस्ता. आणि घर सरकवत बसले. ते माझ्याकडे जेवढं सरके, तेवढाच त्याचा प्रवास वाढे. दोघांची बेरीज जागची हलेना.

"बघ," तो म्हणाला, "तुझं गणितच सांगतंय, घर हलवून काही वाचत नाही."

मी पेपर चुरगाळला आणि भांडी आपटत घासली. गणित बरोबर होतं, हेच जास्त झोंबत होतं.

त्याच आठवड्यात कारखान्यात प्रथमोपचाराची पेटी कुठे लावायची यावर बैठक झाली. मी सवयीने म्हटलं, जिथे जास्त माणसं तिथे लावू, सगळ्यांचं मिळून चालणं कमी होईल. सुरक्षा अधिकारी म्हणाले, "मॅडम, बेरीज नको. सगळ्यात लांबच्या मशीनवरच्या माणसाला किती चालावं लागेल, ते बघा."

रॅकचा प्रश्न वेगळा आणि पेटीचा वेगळा: रॅकला बेरीज बघायची, पेटीला सगळ्यात लांबचा माणूस. मी आपल्या घराला इतके दिवस रॅक समजून बसले होते! बसमध्ये त्या दिवशी पहिल्यांदा झोप आली नाही.

घरी आल्या आल्या, चप्पलही न काढता विचारलं, "अरे, बेरीज राहू दे. आपल्यात ज्याचा प्रवास जास्त, त्याचा कमीत कमी किती करता येईल, सांग."

त्याने पेपर बाजूला ठेवला. म्हणाला, "मग मधोमध. पण मला रोज इतकं…" आणि वाक्य अर्धंच सोडलं.

मधोमध म्हणजे सेंट्रलच्या आसपास. तिथून जवळच तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत, एकट्या पोरांनी भरलेल्या मॅन्शनांच्या, म्हणजे इथल्या स्वस्त लॉजांच्या, मधे, दोन खोल्या मिळाल्या. सामान मांडलं आणि सोमवारपासून दोघंही पहाटे उठू लागलो. माझा प्रवास जवळजवळ निम्मा झाला. तरी दमायचे, पण ताटावर झोपत नव्हते.

त्या आठवड्याच्या अखेरीस मी घरी आले तेव्हा दिवा लावलेला नव्हता. तो बुटांसकट भिंतीला टेकून बसला होता, डब्याची पिशवी अजून खांद्यालाच. मी कुकर लावला आणि येऊन त्याच्या शेजारी तशीच बसले. तो म्हणाला, "तू पोन्नेरीहून रोज याच्या दुप्पट करत होतीस?"

मी हो म्हटलं.

कुकरची शिट्टी झाली. दोघांपैकी कुणीच उठेना. मग डोळे मिटूनच तो म्हणाला, "मी सोडू का गं नोकरी, काही दिवस?"